चाललीच नाही अशा टेस्टची नोंद: जावा युनिट टेस्टसाठी रिपोर्टिंग लिसनर लावताना

मेव्हन या जावाच्या बिल्ड साधनाने युनिट टेस्ट चालवल्या की कन्सोलच्या तळाशी चार आकडे दिसतात: किती चालल्या, किती फेल, किती एरर, किती स्किप. शिवाय टार्गेटमधल्या शुअरफायर-रिपोर्ट्स (शुअरफायर हे मेव्हनचं टेस्ट चालवणारं प्लगइन) या फोल्डरात प्रत्येक टेस्ट क्लासची एक एक्सएमएल फाइल पडते आणि सीआय सर्व्हर (कोड बदलला की बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारा) ती वाचून तक्ता दाखवतो. बहुतेक प्रोजेक्टांना एवढं पुरतं. आम्हाला पुरेनासं झालं, कारण आमचे प्रश्न वेगळे होते. अमुक टेस्ट पूर्वीपेक्षा हळू का चालते? कुठली टेस्ट कोडला कुणी हात न लावताही कधी पास होते, कधी फेल? आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, चालायला हवी होती पण चाललीच नाही, अशी एखादी टेस्ट आहे का?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नेहमीच्या रिपोर्टात मिळत नाही. जे घडलं ते तिथे लिहिलेलं असतं, घडायचं राहिलं ते नसतं. वर्गात हजेरी घेताना आधी पट उघडतात, मग नावं पुकारतात, म्हणून गैरहजर कोण ते कळतं. समोर बसलेली मुलं नुसती मोजली तर कधीच कळणार नाही. मला टेस्टची अशी पटावरून घेतलेली हजेरी हवी होती. म्हणून स्वतःचा रिपोर्टिंग लिसनर, म्हणजे टेस्टची प्रत्येक खबर ऐकून नोंदवणारा क्लास, लिहायचं काम मी अंगावर घेतलं.

लिसनर कुठे जोडायचा हे आधी ठरवावं लागतं, कारण जागा एकाहून जास्त आहेत. जेयुनिट या जावाच्या टेस्ट फ्रेमवर्कच्या 2006 साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत (जेयुनिट 4) रनलिसनर नावाचा क्लास आहे. तो एक्स्टेंड करायचा आणि टेस्ट सुरू झाली, फेल झाली, इग्नोर केली, संपली अशा मेथड आपल्याला हव्या तशा लिहायच्या. यात 'टेस्ट पास झाली' असं सांगणारी मेथड नाही, हे सुरुवातीलाच ध्यानात घ्यावं लागतं. 'संपली' ही मेथड पास-फेल दोन्ही वेळी येते. मधे फेलची किंवा असम्पशन (टेस्ट पुढे चालवायची पूर्वअट) मोडल्याची खबर आली नसेल तर पास समजायचं. शुअरफायरच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'लिसनर' नावाच्या प्रॉपर्टीत क्लासचं पूर्ण नाव दिलं की हा लिसनर लागतो.

सप्टेंबर 2017 मध्ये जेयुनिट 5 आलं आणि सगळी मांडणीच बदलली. त्याचे तीन भाग आहेत. टेस्ट शोधून चालवणारा प्लॅटफॉर्म, नवीन पद्धतीच्या टेस्ट चालवणारं ज्युपिटर इंजिन आणि जुन्या जेयुनिट 3 व 4 च्या टेस्ट चालवणारं व्हिंटेज इंजिन. ज्युपिटरमध्ये टेस्टवॉचर नावाचं एक्स्टेन्शन मिळतं (5.4 पासून). ते वापरायला फार सोपं आहे: पास, फेल, अबॉर्ट (पूर्वअट न जुळल्याने मधेच थांबली), डिसेबल (मुद्दाम बंद ठेवलेली) अशा चार मेथड. पण ते फक्त ज्युपिटरच्या टेस्ट बघतं आणि संपूर्ण क्लासच्या पातळीवर काही बिघडलं तर त्याला बोलावणंच येत नाही. मला नेमकं तेच बघायचं होतं, म्हणून टेस्टवॉचर बाद झालं.

उरला प्लॅटफॉर्मचा टेस्टएक्झिक्युशनलिसनर. हा लाँचरच्या, म्हणजे सगळी इंजिनं चालवणाऱ्या भागाच्या, पातळीवर बसतो. टेस्ट कुठल्याही इंजिनाची असो, तिची खबर इथूनच जाते. आमच्याकडे जेयुनिट 4 च्या जुन्या टेस्टचा मोठा साठा होता आणि नवीन टेस्ट ज्युपिटरमध्ये लिहिल्या जात होत्या. व्हिंटेजमुळे दोन्ही एकाच लिसनरला दिसणार होत्या, म्हणजे दोन लिसनर लिहून त्यांचे आकडे जुळवत बसायला नको. शुअरफायरला 2018 मधल्या 2.22.0 पासून प्लॅटफॉर्म थेट चालवता येतो, त्यामुळे त्या बाजूने अडचण नव्हती.

जोडणीचं काम थोडक्यात आटपतं. जेयुनिट-प्लॅटफॉर्म-लाँचर ही डिपेंडन्सी टेस्ट स्कोपमध्ये घ्यायची, कारण लिसनरचा इंटरफेस तिच्यात आहे. व्हर्जन हाताने न लिहिता जेयुनिटच्या बॉममधून (एकमेकांशी जुळणाऱ्या व्हर्जनची तयार यादी) घ्यावं हे मी आग्रहाने सांगेन. जेयुनिट 5 च्या काळात ज्युपिटरचं व्हर्जन 5 ने आणि प्लॅटफॉर्मचं 1 ने सुरू होतं. जोडी जुळली नाही की मेथड सापडत नाही असं एक्सेप्शन येतं आणि त्या मजकुरावरून खरं कारण लवकर उमगत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये आलेल्या जेयुनिट 6 ने सगळ्या भागांना एकच व्हर्जन दिलं, त्यामुळे हा घोळ पुढे राहणार नाही.

त्यानंतर टेस्टच्या रिसोर्सेसमध्ये मेटा-इन्फ आणि त्याच्या आत सर्व्हिसेस असं फोल्डर करायचं. तिथे इंटरफेसच्या पूर्ण नावाची, पॅकेजसकट आणि कसलंही एक्स्टेन्शन न लावता, एक साधी फाइल ठेवायची. फाइलमध्ये एकच ओळ: आपल्या लिसनर क्लासचं पूर्ण नाव. क्लास पब्लिक हवा आणि त्याला आर्ग्युमेंट न घेणारा कन्स्ट्रक्टर हवा. जावाचा सर्व्हिसलोडर ही फाइल वाचून लिसनर उभा करतो. आतल्या क्लासच्या नावात अक्षर चुकलं तर लगेच आरडाओरडा होतो. फाइलच्याच नावात चुकलं तर मात्र काहीच होत नाही. टेस्ट नेहमीसारख्या चालतात आणि लिसनर जागा होत नाही. म्हणून लिसनर तयार होताक्षणी लॉगमध्ये एक ओळ टाकायची सवय चांगली. ती ओळ दिसली नाही की शोध थेट फाइलच्या नावापासून सुरू करायचा.

यापुढचं काम मी मुख्य प्रोजेक्टवर केलं नाही. वेगळा छोटा नमुना प्रोजेक्ट काढला आणि त्यात मुद्दाम वाकड्या टेस्ट लिहिल्या. एक सरळ पास होणारी, एक असर्शनवर (अपेक्षित उत्तर आलं का ही तपासणी) पडणारी, एक नलपॉइंटर फेकणारी, एक डिसेबल केलेली, एक असम्पशनवर थांबणारी. एक क्लास असा, की त्याच्या बिफोरऑलमध्येच (क्लासमधल्या सगळ्या टेस्टआधी एकदा चालणारी तयारी) एक्सेप्शन येतं. दुसरा असा, की टेस्ट सगळ्या पास होतात पण आफ्टरऑल (शेवटची आवराआवर) पडतं. एक पॅरामीटराइज्ड टेस्ट (वेगवेगळ्या किमती घेऊन अनेकदा चालणारी). आणि एक टेस्ट अशी, की जी सरळ जेव्हीएमच (जावा प्रोग्राम चालवणारी प्रोसेस) बंद करते. लिसनर कसा लिहायचा हे मला डॉक्युमेंटेशनमधून कळलंच असतं, पण कुठल्या प्रसंगी कुठली खबर येते आणि कुठली येत नाही, हे असं डोळ्यांनी बघितल्याशिवाय पक्कं होत नाही.

लिसनरची पहिली आवृत्ती मी सर्वसाधारण उदाहरणांत असते तशीच ठेवली. एक्झिक्युशनफिनिश्ड या मेथडमध्ये टेस्टआयडेंटिफायर येतो. तो टेस्टच आहे ना हे इजटेस्टने विचारायचं, असेल तर निकाल लिहायचा, नसेल तर सोडून द्यायचं. रन संपल्यावर मी आणि टेस्टिंग बघणारी सहकारी असं दोघींनी रिपोर्ट उघडला.

"अगं, बिफोरऑलवाल्या क्लासमध्ये पाच टेस्ट आहेत ना?" तिने विचारलं.

"हो, पाच."

"मग इथे तर एकही नाही. पासमध्ये नाहीत, फेलमध्ये नाहीत, स्किपमध्येही नाहीत. गेल्या कुठे?"

माझ्या मते या कामातली सगळ्यात कळीची गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर सांगते. प्लॅटफॉर्मच्या नजरेत टेस्टचं एक झाड असतं. मुळाशी इंजिन, त्याखाली क्लास, त्याखाली मेथड. इंजिन आणि क्लास हे कंटेनर, मेथड ही टेस्ट. प्रत्येकाला एक युनिक आयडी असतो, साधारण असा: [इंजिन:जेयुनिट-ज्युपिटर]/[क्लास:बिलाचीटेस्ट]/[मेथड:सवलतलागते()]. सुरू झाल्याची आणि संपल्याची खबर कंटेनरसाठीही येते. बिफोरऑल पडलं की एक्सेप्शन क्लासच्या नावावर जमा होतं: क्लास हा कंटेनर 'फेल' म्हणून संपतो आणि त्याच्या पोटातल्या पाचही टेस्टसाठी कसलीच खबर येत नाही. ना सुरू झाल्याची, ना संपल्याची, ना स्किप झाल्याची. त्यामुळे फक्त इजटेस्ट बघणारा लिसनर त्या पाच टेस्टबद्दल गप्प बसतो. मेव्हनचा बिल्ड लाल होतो, कारण शुअरफायर कंटेनरचं फेल होणं मोजतं. आपल्या रिपोर्टात मात्र त्याचा मागमूस नसतो.

आफ्टरऑलचं उलट होतं. टेस्ट सगळ्या पास म्हणून नोंदल्या जातात आणि त्यानंतर कंटेनर फेल होतो. कंटेनरचा निकाल हा पोरांच्या निकालांची बेरीज नसतो, तो फक्त त्याच्या स्वतःच्या कामाचा निकाल असतो. एक टेस्ट पडली म्हणून क्लास फेल दाखवला जात नाही, आणि क्लास फेल आहे म्हणून त्यातली टेस्ट पडली असंही नाही.

डिसेबल केलेल्या क्लासचीही तीच गत. स्किप झाल्याची खबर क्लाससाठी एकदाच येते, आतल्या टेस्टसाठी वेगळी येत नाही. रिपोर्टात 'स्किप: 1' असं दिसतं आणि वाचणाऱ्याला वाटतं एकच टेस्ट बंद आहे. प्रत्यक्षात त्या क्लासमध्ये चाळीस टेस्ट असू शकतात.

उपाय पटातच होता. रन सुरू होताना टेस्टप्लॅनएक्झिक्युशनस्टार्टेड या मेथडमध्ये पूर्ण टेस्टप्लॅन हातात मिळतो. त्याच्या मुळांपासून सगळे वंशज काढता येतात. मी सुरुवातीलाच पटावरच्या प्रत्येक टेस्टचा युनिक आयडी लिहून ठेवायला लागले. निकाल येईल तसा त्या आयडीपुढे भरायचा. कंटेनर स्किप झाला तर त्याखालच्या सगळ्या टेस्ट त्याच कारणासह स्किपमध्ये टाकायच्या. कंटेनर फेल झाला आणि त्याखालच्या काही टेस्टना सुरुवातच झालेली नसेल, तर त्यांना 'सुरूच झाली नाही' असा स्वतंत्र शेरा द्यायचा आणि कंटेनरच्या एक्सेप्शनकडे बोट दाखवायचं. सरतेशेवटी पास, फेल, अबॉर्ट, स्किप, सुरूच न झालेल्या आणि अर्धवट राहिलेल्या यांची बेरीज पटावरच्या संख्येइतकी आली पाहिजे. नाही आली तर रिपोर्ट तयार होणार नाही, असा नियम मी कोडमध्येच घातला.

या बेरजेत पॅरामीटराइज्ड टेस्ट जरा त्रास देतात. सुरुवातीच्या पटावर अशा टेस्टचं फक्त टेम्प्लेट असतं, आणि ते कंटेनर म्हणून गणलं जातं. किती वेळा चालणार हे तेव्हा ठरलेलं नसतं. रन चालू असताना प्रत्येक वेळी डायनॅमिकटेस्टरजिस्टर्ड ही खबर येते आणि झाडाला नवीन पान फुटतं. तेव्हा पटात भर घालायची. पण बिफोरऑल पडल्यामुळे टेम्प्लेट सुरूच झालं नाही, तर त्यातून किती टेस्ट निघाल्या असत्या ते कुणालाच सांगता येणार नाही. अशा वेळी अंदाजे आकडा लिहिण्यापेक्षा 'टेम्प्लेट 1, टेस्ट किती ते ठरलं नव्हतं' अशी नोंद मी ठेवली. मेथडसोर्स असलेला पण टेस्ट नसलेला कंटेनर म्हणजे टेम्प्लेट किंवा फॅक्टरी, हे ओळखायला पुरेसं ठरलं.

निकाल तीन प्रकारचे येतात: सक्सेसफुल, फेल्ड, अबॉर्टेड. शुअरफायर फेल आणि एरर असे दोन भाग करतं. प्लॅटफॉर्म तसं करत नाही. मला तो फरक हवा होता, कारण असर्शन पडणं म्हणजे कोड चुकीचं उत्तर देतोय आणि दुसरं एक्सेप्शन म्हणजे टेस्ट उत्तरापर्यंत पोचलीच नाही. एक्सेप्शन असर्शनएरर या घराण्यातलं आहे का एवढं तपासलं की काम होतं. ज्युपिटरची असर्शन बहुतेक असर्शनफेल्डएरर फेकतात आणि त्यात अपेक्षित व प्रत्यक्ष किंमत वेगवेगळी काढून मिळते. रिपोर्टात या दोन किमती एकाखाली एक दिसल्या की वाचणाऱ्याचे डोळे थेट फरकावर जातात. असर्टऑल वापरलं असेल तर मल्टिपलफेल्युअर्सएरर येतं आणि त्याच्या पोटात अनेक कारणं असतात. ती एकेक करून काढावीत.

वेळ मोजताना सिस्टिमच्या घड्याळाचे मिलिसेकंद न घेता नॅनोटाइम घ्यायचा, कारण घड्याळ मधेच पुढेमागे सरकवलं जाऊ शकतं. सुरू आणि संपली यांच्यातल्या अंतरात बिफोरईच आणि आफ्टरईच (प्रत्येक टेस्टच्या आधी आणि नंतर चालणाऱ्या मेथड) धरले जातात, बिफोरऑल धरलं जात नाही. ते क्लासच्या वेळेत जातं. हे कळल्यावर मी कंटेनरचाही वेळ लिहायला लागले आणि क्लासच्या वेळेतून आतल्या टेस्टच्या वेळेची बेरीज वजा करून तयारीचा वेळ वेगळा दाखवला. हळू टेस्ट शोधायला निघालेल्या माणसाला कितीदा तरी टेस्ट सगळ्या झटपट दिसतात, आणि वेळ सगळा तयारीत गेलेला असतो. टेस्ट समांतर चालत असतील तर मात्र ही वजाबाकी निरर्थक होते; तेव्हा तो रकाना रिकामाच ठेवते.

समांतर चालवण्याचा मुद्दा निघालाच आहे तर सांगते. जेयुनिट-प्लॅटफॉर्म-प्रॉपर्टीज या फाइलमध्ये ज्युपिटरचं पॅरलल एक्झिक्युशन चालू केलं की लिसनरच्या मेथड एकाच वेळी अनेक थ्रेडमधून येतात. 'आत्ता चालू असलेली टेस्ट' एका फील्डमध्ये ठेवणारा लिसनर तिथे कोलमडतो. युनिक आयडी ही किल्ली धरून कॉन्करंटहॅशमॅपमध्ये नोंदी ठेवल्या आणि फाइलमध्ये ओळ लिहिण्याच्या जागी कुलूप लावलं की पुरतं.

आता लिहायचं कसं. सगळं मेमरीत साठवून टेस्टप्लॅनएक्झिक्युशनफिनिश्डमध्ये एकदम लिहायचं, ही मांडणी सुटसुटीत दिसते. पण नमुना प्रोजेक्टमधल्या जेव्हीएम बंद करणाऱ्या टेस्टने ती निकालात काढली. जेव्हीएम मधेच संपलं तर ती शेवटची मेथड कधीच येत नाही. शुअरफायर एवढंच सांगतं, की फोर्क केलेलं व्हीएम नीट निरोप न घेता गेलं. म्हणजे ज्या दिवशी रिपोर्टची सगळ्यात जास्त गरज, नेमका त्याच दिवशी रिपोर्ट कोरा.

म्हणून मी प्रत्येक खबर आली की तिची एक ओळ जेसनमध्ये लिहून लगेच फ्लश करते. फ्लश केलेली ओळ ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताब्यात गेलेली असते, जेव्हीएम गेलं तरी ती राहते. नमुना प्रोजेक्टच्या फाइलचा शेवट साधारण असा दिसत होता:

सुरू: सवलतलागते
संपली: सवलतलागते, पास
सुरू: प्रोसेसबंदहोते

आणि त्याखाली काही नाही. 'सुरू' आहे पण 'संपली' नाही, अशी टेस्ट म्हणजे जेव्हीएम पडलं तेव्हा चालू असलेली टेस्ट. एरवी अशा वेळी गुन्हेगार शोधायला टेस्ट एकेक करून चालवत बसावं लागतं. इथे फाइलची शेवटची ओळच नाव सांगते. टेस्ट समांतर चालत असतील तर संशयित दोनचार निघतात, पण दोनचारच. अशा टेस्टना रिपोर्टात 'अर्धवट' असा शेरा मिळतो.

ओळी गोळा करून रिपोर्ट बनवण्याचं काम मी लिसनरकडून काढून एका वेगळ्या छोट्या प्रोग्रामकडे दिलं. त्याचं कारण फोर्क. शुअरफायर टेस्ट वेगळ्या जेव्हीएममध्ये चालवतं आणि फोर्ककाउंट वाढवलं तर अशी अनेक जेव्हीएम एकाच वेळी उभी राहतात. ग्रेडल या दुसऱ्या बिल्ड साधनात मॅक्सपॅरललफोर्क्सने तेच होतं. प्रत्येकात लिसनरची आपापली प्रत असते आणि तिला बाकीच्यांचा पत्ता नसतो. सगळ्यांनी एकाच नावाच्या फाइलमध्ये लिहिलं तर एकमेकांच्या ओळी पुसल्या जातात. फाइलच्या नावात प्रोसेस आयडी घालावा असं आधी मनात आलं होतं, पण डॉकरसारख्या कंटेनरमध्ये (टेस्टच्या झाडातला कंटेनर वेगळा) चालणाऱ्या सीआयवर तेच ते छोटे आकडे पुन्हा पुन्हा येतात. म्हणून नावात यूयूआयडी (पुन्हा न येणारा लांब आयडी) घातला. रिपोर्ट बनवणारा प्रोग्राम फोल्डरमधल्या सगळ्या फाइल वाचून एकत्र करतो. टेस्ट पडली की मेव्हन तिथेच थांबतं, तेव्हा हा प्रोग्राम सीआयमध्ये स्वतंत्र पायरी म्हणून ठेवावा आणि आधीची पायरी पडली तरी ही पायरी चालवायची अशी अट त्याला द्यावी.

लिसनरने स्वतःच एक्सेप्शन फेकलं तर काय, हे बघायला मी त्यात मुद्दाम एक फेकून बघितलं. प्लॅटफॉर्म ते लॉगमध्ये वॉर्निंग म्हणून लिहितो आणि पुढे जातो. टेस्टच्या निकालावर परिणाम होत नाही. हे धोरण मला योग्यच वाटतं. रिपोर्टिंगमुळे टेस्ट पडता कामा नये. जेयुनिट 4 चा रननोटिफायर यापेक्षा कडक आहे: एक्सेप्शन फेकणाऱ्या लिसनरला तो यादीतून काढतो आणि त्या बिघाडाची नोंद फेल म्हणून करतो. पण प्लॅटफॉर्मच्या या मवाळपणामुळे डिस्क भरली, फोल्डर नसलं, परवानगी नसली, तरी बिल्ड हिरवा राहतो आणि रिपोर्ट गायब. यावरही पट कामाला आला. रिपोर्ट बनवणाऱ्या प्रोग्रामला एकही फाइल मिळाली नाही किंवा फाइलमध्ये पटाची ओळ नसली, तर तो ती पायरी फेल करतो.

काही बारीक गोष्टी. रिपोर्ट एक्सएमएलमध्ये द्यायचा असेल तर फेल्युअरच्या मजकुरातले कंट्रोल कॅरेक्टर गाळावे लागतात. कन्सोलला रंग देणारं एस्केप कॅरेक्टर एक्सएमएल 1.0 मध्ये चालत नाही आणि तेवढ्याने पूर्ण फाइल वाचता येत नाही. जावा 18 (2022) पासून डीफॉल्ट एन्कोडिंग यूटीएफ-8 झालं. त्याआधीच्या जावावर फाइलरायटर मशीनप्रमाणे एन्कोडिंग घेतो, तेव्हा फाइल्सन्यूबफर्डरायटर वापरावा. टेस्टचा इतिहास ठेवायचा असेल तर डिस्प्लेनेम किल्ली म्हणून धरू नये. पॅरामीटराइज्ड टेस्टच्या डिस्प्लेनेममध्ये आर्ग्युमेंट उमटतात, आणि त्यात आजची तारीख असली की रोज नवीनच टेस्ट जन्माला आल्यासारखी दिसते. युनिक आयडीत फक्त क्रमांक असतो.

आणि हो, सर्व्हिसलोडरने लावलेला लिसनर आयडीईमध्येही (कोड लिहायच्या एडिटरमध्येही) जागा होतो. एकच टेस्ट चालवून बघितली तरी फाइल पडते, आणि आयडीईचं चालू फोल्डर वेगळं असेल तर ती भलत्याच ठिकाणी पडते. आम्ही फाइल कुठे लिहायची याचा मार्ग कॉन्फिगरेशन पॅरामीटर म्हणून ठेवला. टेस्टप्लॅनकडून तो विचारता येतो. मार्ग दिलेला नसेल तर लिसनर काहीच करत नाही. बिल्डमध्ये तो दिला जातो, आयडीईत नाही.

फेल झालेली टेस्ट पुन्हा चालवायची सोय शुअरफायरमध्ये चालू असेल, तर त्याच जेव्हीएममध्ये टेस्टप्लॅन दुसऱ्यांदा सुरू होतो आणि तोच युनिक आयडी पुन्हा येतो. त्यामुळे पटाची ओळ फाइलमध्ये एकदाच असेल असं धरून चालता येत नाही. आम्ही प्रत्येक प्रयत्नाचा निकाल वेगळा ठेवतो आणि पहिल्यांदा फेल, नंतर पास असं दिसलं तर त्या टेस्टला 'डळमळीत' म्हणतो. शेवटचाच निकाल ठेवला असता तर ही यादी कधी तयारच झाली नसती.

मुख्य प्रोजेक्टवर लिसनर लावल्यावर पहिल्यांदा नजरेत भरला तो अबॉर्टचा रकाना. डेटाबेस हाताशी नसेल तर टेस्ट पुढे चालवू नये, अशी असम्पशन काही क्लासमधल्या टेस्टच्या सुरुवातीला होती. डेव्हलपरच्या मशीनसाठी ते सोयीचं होतं. पण सीआयच्या एका जॉबमध्ये डेटाबेसचा पत्ताच दिलेला नव्हता, आणि तिथे त्या क्लासमधली प्रत्येक टेस्ट अबॉर्ट होत होती. शुअरफायर अबॉर्टला स्किपमध्ये धरतं, स्किपने बिल्ड लाल होत नाही, आणि स्किपचा आकडा आधीपासूनच मोठा असल्यामुळे त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. वेगळ्या रकान्यात, कारणासह, एकाखाली एक त्या ओळी दिसल्या तेव्हा सहकाऱ्यांनी त्याच दिवशी जॉबमध्ये पत्ता भरला. त्यातल्या काही टेस्ट खरोखरच फेल निघाल्या, त्या दुरुस्त झाल्या. मग अट तपासण्यासाठी आम्ही एक छोटी मेथड लिहिली: सीआयची प्रॉपर्टी असेल तर ती असर्शन करते, नसेल तर असम्पशन. डेटाबेस लागणाऱ्या सगळ्या टेस्ट आता तिच्यातून जातात.